क्वाइट गुड म्हणजे नक्की किती गुड?

फेज तीनवाली (रविवार, रात्री ९:४०)

एका इंग्रजी शब्दाने गेल्या आठवड्यात माझी चांगलीच फजिती केली, म्हणून हा धागा. शब्द आहे क्वाइट. क्वायट नव्हे, क्वाइट. घोळ इथूनच सुरू होतो, पण ते नंतर.

मी हिंजवडीत नोकरी करते. सहामाही अप्रेझल चालू होतं. माझा मॅनेजर इंग्लंडमध्ये बसतो. मोजकं बोलणारा, सरळ माणूस. त्याने मेल पाठवला, त्यात माझ्या डॉक्युमेंटेशनबद्दल दोनच शब्द: क्वाइट गुड. मेल आला तेव्हा आमची बस वाकडच्या चौकात गोठून उभी होती, त्यामुळे वाचायला वेळच वेळ. मी तो चार वेळा वाचला. शाळेत आमच्या गाइडमध्ये "क्वाइट = अगदी, पूर्णपणे" असं छापलेलं होतं, ते डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणजे अगदी चांगलं! नवऱ्याला कळवलं, त्याने सासूबाईंना सांगितलं, आणि मी घरी पोचेपर्यंत शिऱ्यावर झाकण पडलं होतं.

दोन दिवसांनी रेटिंग आलं. पाचपैकी तीन.

धीर करून त्याला कॉल लावला. विचारलं, कामात काय कमी पडलं? तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त गोंधळला. त्याचं म्हणणं, ठीक आहे पण अजून सुधारायला वाव आहे, हे मी तुला आधीच लिहिलं होतं की! कुठे लिहिलं होतंस? तर म्हणे, "क्वाइट गुड" असं लिहिलं नव्हतं का?

आता पुढचं ऐका. तेच डॉक्युमेंट क्लायंटकडेही गेलं होतं. क्लायंटची बाई अमेरिकन. तिने उत्तरात हेच दोन शब्द लिहिले आणि आख्ख्या टीमला सीसीत ठेवून माझे आभार मानले. तिला ते खरंच आवडलं होतं, कारण नंतर तिने पुढचं कामही माझ्याच नावाने मागून घेतलं.

कागद एक, शब्द तेच दोन. हा शब्द पुढच्या शब्दाला वर चढवतो की खाली ओढतो? शब्दकोश बघून झाला. तिथे दोन्ही अर्थ एकाखाली एक दिलेत आणि कुठला घ्यायचा ते आपल्यावर सोडलंय.

मुठाकाठ (रविवार, रात्री ९:५२)

शिरा खाल्लात की नाही ते आधी सांगा.

बाकी पुण्यात राहून तुम्हाला हे कळू नये याचं नवल वाटतं. आमच्या एका काकांनी आयुष्यात कुठल्याही पदार्थाला, गाण्याला किंवा जावयाला "बरा आहे"च्या वर चढवलेलं नाही. पंगतीतून उठताना ते "जेवण बरं होतं" म्हणाले की त्यांना ओळखणारा आचारी खूश होतो, आणि नवखा आचारी मुदपाकखान्यात जाऊन आमटी चाखून बघतो. तुमचा साहेब मूळचा सदाशिव पेठेतला असणार.

लीड्सकर (रविवार, रात्री १०:१५)

इथे बारा वर्षं काढली, त्या भांडवलावर सांगतो. अर्थ शब्दात कमी आणि आवाजात जास्त आहे.

"क्वाऽइट गुड", म्हणजे जोर क्वाइटवर आणि सूर किंचित वर उचललेला, असं ऐकलं की पुढे "बट" येतोच. तोंडाने आला नाही तरी तो खोलीत उभा असतो. "क्वाइट गूऽड", म्हणजे क्वाइट पटकन उरकून जोर गुडवर टाकला, तर माणूस खरंच कौतुक करतोय, वर थोडं आश्चर्यही आहे की अरे, वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं निघालं! मेलमध्ये आवाज नसतो. तुम्ही मनात दुसऱ्या चालीत वाचलंत, त्याने लिहिताना पहिली चाल धरली होती.

पहिल्या वर्षी एका सहकाऱ्याला घरी मिसळ खाऊ घातली. पुण्याहून आणलेला मसाला, हात सैल सुटलेला. दोन घासांत त्याचं नाक लाल, कपाळावर घाम, डोळ्यांतून पाणी गळतंय. आणि हा म्हणतो काय, "क्वाइट स्पायसी." मी भाबडा, मला वाटलं बेताची झालीय, म्हणून आणखी तर्री वाढली.

जर्सीकर (रविवार, रात्री १०:३१)

क्लायंटबाईंच्या बाजूने साक्ष द्यायला आलो. अमेरिकेत "क्वाइट गुड" म्हणजे साधारणपणे "व्हेरी गुड"च. तो सुप्त "बट" इथे कोणाला ऐकू येत नाही. "बऱ्यापैकी" म्हणायचं असेल तेव्हा लोक "प्रिटी गुड" म्हणतात, आणि तेही बऱ्याचदा मनापासूनचं कौतुक असतं. उलट, ऑफिसच्या रोजच्या बोलण्यात क्वाइट जरा ठेवणीतला शब्द आहे. तो वापरून कोणी कौतुक केलं तर समजा त्याने इस्त्रीचा शर्ट घातला.

रंकाळा (रविवार, रात्री १०:३३)

आमच्याकडं असली भानगड न्हाई. लई म्हंजे लई. पुण्याच्या लोकांना आनि इंग्रजांना कौतुक करताना पैसं पडत्यात.

मुठाकाठ (रविवार, रात्री १०:३४)

पडतात. म्हणूनच आमच्या कौतुकाला भाव आहे.

निवृत्त मास्तर (सोमवार, सकाळी ६:१०)

पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे गाइडच्या पापाचा थोडा वाटा माझ्याही माथी आहे. ताई, तुमच्या गाइडने खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं.

क्वाइटचा अर्थ त्याच्या पुढे कोण उभं आहे त्यावर ठरतो. विशेषणं दोन जातींची असतात. एक जात मोजपट्टीची: चांगला, थंड, महाग, दमलेला. यात कमी-जास्त होतं. चहा थोडा थंड असतो, बराच थंड असतो, फारच थंड असतो. दुसरी जात काठाची: संपलेला, रिकामा, अशक्य, मेलेला, बरोबर, चूक. इथे एकतर तुम्ही काठाच्या अलीकडे असता नाहीतर पलीकडे. माणूस थोडासा मेलेला नसतो. (वाकडच्या चौकात असू शकतो.)

क्वाइट काठाच्या शब्दाआधी आला तर अर्थ "अगदी, पूर्णपणे". क्वाइट इम्पॉसिबल म्हणजे निव्वळ अशक्य. क्वाइट राइट म्हणजे अगदी बरोबर. क्वाइट शुअर म्हणजे पक्की खात्री. इथे इंग्रज आणि अमेरिकन यांचं भांडण नाही. भांडण आहे ते फक्त मोजपट्टीच्या शब्दांवर. तिथे अमेरिकन माणूस काटा उजवीकडे सरकवतो आणि इंग्रज तो मधोमध आणून ठेवतो. तुमचं "गुड" नेमकं मोजपट्टीवरचं निघालं. तोच जर "क्वाइट परफेक्ट" म्हणाला असता तर शिरा वाया गेला नसता.

वर्गात मी मुलांना एक कसोटी द्यायचो. क्वाइट काढा आणि त्या जागी व्हेरी घाला. व्हेरी गुड चालतं, म्हणून क्वाइट गुड बऱ्यापैकी. व्हेरी इम्पॉसिबल चालत नाही, म्हणून क्वाइट इम्पॉसिबल पूर्ण.

क्रियापदांतही हीच वाटणी आहे. आय क्वाइट लाइक इट म्हणजे मला ते बऱ्यापैकी आवडतं. आय क्वाइट अग्री म्हणजे मात्र पूर्ण सहमत. आवडणं मोजपट्टीवर असतं, सहमती काठावर.

आता नकाराकडे या. नॉट क्वाइट म्हटलं की नेहमी पूर्णपणाचाच अर्थ जागा होतो. नॉट क्वाइट रेडी म्हणजे "तयार नाही" असं नव्हे, तर "झालंच आहे, एवढ्या-तेवढ्याने अडलंय". आपल्याकडे कोणी "निघालोच" म्हणतो आणि प्रत्यक्षात आंघोळीला जात असतो, त्याला मात्र नॉट क्वाइट रेडीही म्हणता येणार नाही.

आणि क्वाइट अ फ्यू. यावर पिढ्यान् पिढ्या मार्क गेलेत. फ्यू म्हणजे थोडे, हे मुलांना पाठ, म्हणून क्वाइट अ फ्यूचा अर्थ लिहायची "अगदी थोडे". तो होतो "बरेच". आपल्या मराठीत "थोडेथोडके नव्हेत" म्हणतात, तसाच काहीसा तिरका प्रकार.

नातवाची रिक्षा आली. उरलेलं नंतर.

अनुवादवाली (सोमवार, सकाळी ११:२०)

मास्तर, सुरेख. पण तुमच्या कसोटीला एक भोक आहे. "डिफरंट"चं काय कराल? व्हेरी डिफरंट बिनतक्रार चालतं. तुमच्या नियमाने क्वाइट डिफरंट म्हणजे "बऱ्यापैकी वेगळं" व्हायला हवं. पण "दॅट्स क्वाइट डिफरंट" असं कोणी म्हणालं की बहुतेक वेळा त्याला "ते अगदीच वेगळं आहे" असं म्हणायचं असतं. एकदा एका करारपत्राच्या अनुवादात मी तिथे "काहीसे वेगळे" लिहिलं होतं. संपादकांनी लाल शाईत फक्त एक उद्गारचिन्ह काढून कागद परत पाठवला.

निवृत्त मास्तर (सोमवार, दुपारी १२:०५)

मान्य. कसोटी नववीच्या वर्गापुरती आहे, करारपत्रापुरती नाही. डिफरंट दोन्ही जातींत जेवतो.

अनुवादवाली (सोमवार, दुपारी १२:४०)

आता मला ज्यात रस आहे ते. या शब्दाचं मूळ बघा, फार गोड आहे. लॅटिनमध्ये क्वीएटस म्हणजे शांत, निवांत. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये अर्थ झाला मोकळा, देण्याघेण्यातून सुटलेला. तो इंग्रजीत आला, आणि "मोकळा, स्वच्छ" यावरून "स्वच्छपणे, पूर्णपणे" असं क्रियाविशेषण तयार झालं. चौदाव्या शतकापासून क्वाइटचा हा "पूर्णपणे" अर्थ आहे. "बऱ्यापैकी" हा पातळ अर्थ काही शतकांनी आला. म्हणजे गाइडवाले चुकले नाहीत, त्यांचं घड्याळ तेवढं मागे आहे.

सोडणं या अर्थाचा क्विट, आरोपातून मोकळं करणं या अर्थाचा ॲक्विट आणि शांत या अर्थाचा क्वायट, हे सगळे त्याच घरातले.

तुम्हाला हा प्रवास परका वाटतोय का? मग "साफ" घ्या. साफ म्हणजे स्वच्छ. पण आपण म्हणतो "मी साफ विसरलो", "साफ खोटं", "साफ बुडाला". स्वच्छपासून पूर्णपणेपर्यंत मराठीतला साफ अगदी त्याच वाटेने गेला. आय क्वाइट फरगॉट याला "मी साफ विसरले" यापेक्षा चांगलं मराठी मला वीस वर्षांत सापडलेलं नाही. "पुरता" बघा. पुरता म्हणजे पुरेसा, पण "पुरता फसला" म्हणजे नखशिखांत फसला. आणि "खूप" तर मूळ फारसी खूब, म्हणजे चांगला. चांगल्याचं भरपूर झालं. आपण तेच परत एकदा मराठी शब्दाने केलं: "चांगलाच आपटला" यात चांगलं काय आहे? इंग्रजी व्हेरीच्या मुळाशी "खरा" आहे, आपण "खरंच छान" म्हणतो. जराच्या मुळाशी अरबीतला कण आहे, बिलकुलच्या मुळाशी "सगळ्यासकट". हे मापाचे शब्द जन्माने मापाचे नसतातच. कोणी स्वच्छ असतो, कोणी खरा, कोणी चांगला. वापरून वापरून त्यांचं वजनमाप होतं, आणि आणखी वापरून ते झिजतात. मग "खूप"ने भागत नाही, "खूप खूप" लागतं.

आणि सगळ्यात आवडतं. इंग्रज माणूस समोरच्याचं ऐकून नुसतं "क्वाइट." म्हणतो. पुढे काही नाही. जरा जुन्या वळणाचं आहे, पण चालतं. त्याला मराठी काय? "अगदी!" माझी आई फोनवर पाऊण तास फक्त "अगदी... अगदी अगदी..." एवढंच बोलू शकते.

मुठाकाठ (सोमवार, दुपारी १:१०)

अगदी.

लीड्सकर (सोमवार, दुपारी २:०२)

"अगदी"बद्दल दंडवत. इथे आमच्या गल्लीतल्या ऐंशीच्या आजी नेमक्या त्याच सुरात "क्वाइट, क्वाइट" करतात. कुंपणापलीकडून माझी आत्याच बोलतेय असं वाटतं.

खडकी कॅन्टोन्मेंट (सोमवार, संध्याकाळी ७:२५)

फौजेतून निवृत्त. भाषेतलं कळत नाही, पण मापाच्या शब्दाने काय होऊ शकतं याचं एक उदाहरण आमच्याकडे सांगतात.

कोरियन युद्ध, एप्रिल १९५१, इमजिन नदी. ब्रिटिशांची २९ वी ब्रिगेड अमेरिकन डिव्हिजनच्या हुकुमाखाली लढत होती. चिनी फौज लोटली आणि ग्लॉस्टरशर रेजिमेंटची बटालियन एका टेकडीवर वेढ्यात सापडत चालली. अमेरिकन जनरलने परिस्थिती विचारली, तेव्हा ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी वायरलेसवर सांगितलं की जरा अवघड आहे. त्यांचे शब्द "अ बिट स्टिकी" असे होते, असं सांगतात. इंग्रज कानाला त्याचा अर्थ होता, आम्ही मरतोय. अमेरिकन कानाने ऐकलं, जरा अवघड आहे पण निभतंय. मदत आणि माघार, दोन्हींचा निर्णय लांबला. त्या टेकडीवरचे पाचशेहून जास्त ग्लॉस्टर सैनिक कैद झाले. एका "जरा"मुळे लढाई हरली असं कोणी म्हणू नये, लढाईला शंभर कारणं असतात. पण सिग्नलवर बोलताना "जरा", "बऱ्यापैकी" असले शब्द वापरू नका, आकडे सांगा, हे आम्हा लोकांच्या हाडात भिनलेलं आहे.

आपली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्सही त्या युद्धात होती, हे जाता जाता.

फेज तीनवाली (सोमवार, रात्री ८:५०)

काका, अंगावर काटा आला. माझं पाचपैकी तीन आता मला बरंच वाटायला लागलंय.

मास्तर आणि अनुवादवाली ताई, आज दिवसभर तुमचेच प्रतिसाद डोक्यात होते. लंचला मी आईच्या तोंडचे शब्द कागदावर मांडले. "भाजी बरी झालीये" म्हणजे ठीक. "भाजी बरीच झालीये" म्हणजे प्रमाणाबाहेर झालीये, उद्या डब्यात येणार. "बराच चांगला आहे" म्हणजे चांगल्याच्या वर. म्हणजे आपला "बरा" एकटा असला तर खाली ओढतो आणि "च" लागला की वर चढवतो! लीड्सकर म्हणतात तो आवाजातला जोर आपण चक्क अक्षरात लिहून ठेवतो. त्या मॅनेजरकडे एक "च" असता तर एवढं रामायण झालं नसतं.

निवृत्त मास्तर (सोमवार, रात्री ९:३०)

शाबास! वर्गात असतात तर पहिल्या बाकावर आणलं असतं.

यावरून एक आठवलं. मराठीला स्वल्पविराम, पूर्णविराम ही चिन्हं इंग्रजीवरून मिळाली, आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचं नाव घेतलं जातं. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश त्यांनीच पुरा केला, १८४७ साली. पुण्यातच होते ते, १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेच्या कामात. आता बघा, इंग्रजांनी आपल्याला थांबायची चिन्हं दिली, पण बोलण्यातला जोर कागदावर उतरवायचं चिन्ह त्यांच्याकडेच नाही. फार तर अक्षर तिरकं करतात. आपल्याकडे "च" आहे, "ही" आहे, "तर" आहे. "तो येईल", "तो येईलच", "तो येईलही", "तो येईल तर". एवढं सगळं इंग्रजीत तोंडाच्या स्नायूंवर सोडलेलं आहे.

सकाळी राहिलेलं एक. "मच बेटर" चालतं, "क्वाइट बेटर" सहसा चालत नाही. तुलनेच्या शब्दाआधी क्वाइट लावायचा नाही, असं मी फळ्यावर लिहायचो. अपवाद एकच, आजारपणाचा. "आय अ‍ॅम क्वाइट बेटर नाऊ" म्हणजे दुखणं पूर्ण गेलं. आणि त्याला मराठीत आपण काय म्हणतो? "मी आता पूर्ण बरा आहे." पुन्हा बराच. म्हणजे आपला बरा, च नव्हे. जाऊ द्या, मीच अडकलो.

जर्सीकर (सोमवार, रात्री १०:१०)

एक बारकी पुस्ती. क्वाइट आणि "अ" यांचा क्रम. आपली मंडळी "अ व्हेरी गुड बुक"च्या चालीवर "अ क्वाइट गुड बुक" लिहितात. रुळलेला क्रम "क्वाइट अ गुड बुक". आणि विशेषणाशिवाय नुसतं "क्वाइट अ बुक" म्हटलं तर "काय पुस्तक आहे!" असा उद्गार होतो. कौतुकाचा की टोमण्याचा, हे परत चेहरा बघून ठरवा.

टेबल ४२ (सोमवार, रात्री ११:४५)

एवढ्या मोठ्या लोकांत बोलू की नको असं झालंय. मी सदाशिव पेठेत एका अभ्यासिकेत बसते, राज्यसेवेची तयारी करते. आमच्या हॉलच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे, "कीप क्वाइट". म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी ई-टी हवं तिथे टी-ई आहे. हा धागा वाचेपर्यंत मला त्यात चूक आहे हेच कळलं नव्हतं, कारण आम्ही सगळे दोन्ही शब्द एकसारखेच म्हणतो. उच्चारात फरक असतो का?

अनुवादवाली (मंगळवार, सकाळी ९:०५)

असतो, छोटासा. क्वाइट एका झटक्यात संपतो, "लाइट", "काइट"सारखा. क्वायट दोन पावलांत चालतो: क्वा, यट. "डायट"सारखा. लाइट-क्वाइट, डायट-क्वायट अशा जोड्या पाठ करून टाक, परीक्षेतही उपयोग होईल.

पाटीच्या काकांना सांग की शेवटचं अक्षर चुकीच्या जागी आहे.

मुठाकाठ (मंगळवार, सकाळी ९:२०)

पुण्यात पाटीतली चूक काढायची? मुली, जागा भाड्याची आहे की आजोबांची, ते आधी बघ.

आणि एक सरळ बोलतो. हे इंग्रजांचं मधलं मधलं बोलणं मला लबाडी वाटते. पटलं नाही तर सांगा ना तोंडावर. दुसऱ्याने शिरा करायचा आणि यांनी तीन गुण द्यायचे.

लीड्सकर (मंगळवार, दुपारी १:३०)

लबाडी नाही हो. ऐकणाऱ्याला कळणार आहे अशी त्यांची खात्री असते. तुमच्या काकांनी "बरं होतं" म्हटलं तर ते लबाड का? त्यांच्या घरात सगळ्यांना कळतंच की. घोटाळा घराबाहेर होतो. काका उद्या कोल्हापूरला जेवायला गेले आणि "बरं होतं" म्हणाले तर?

रंकाळा (मंगळवार, दुपारी १:४१)

तर परत बोलवनार न्हाई.

मुठाकाठ (मंगळवार, दुपारी १:४४)

लीड्सकरांचा मुद्दा बरा आहे.

फेज तीनवाली (मंगळवार, रात्री १०:२०)

मुठाकाठ, एवढं कौतुक? लीड्सकर, फ्रेम करून लावा.

आजची बातमी. मॅनेजरशी पुन्हा बोलले, या वेळी हसत. त्याला सांगितलं की आमच्या शाळेत या शब्दाचा अर्थ "पूर्णपणे" असा शिकवतात. तो थोडा वेळ गप्पच होता. मग म्हणाला की पुण्यातल्या टीमला तो सहा वर्षं "क्वाइट गुड" लिहितोय, आणि दर वेळी लोक इतके आनंदाने आभार का मानतात ते त्याला आज समजलं.

मीही माझ्या हाताखालच्या दोघांच्या रिव्ह्यूमधून क्वाइट काढून टाकला. एका पोराला मी "क्वाइट स्लो" लिहिलं होतं. मला म्हणायचं होतं थोडा संथ आहे. त्याने काय वाचलं असेल कोण जाणे. आता मराठीतच सांगितलं, की बाबा रे, मंगळवारचा रिपोर्ट गुरुवारी येतो. खडकीच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे, आकड्यात.

आणि हो, शिरा खाल्ला. सासूबाईंना रेटिंगचं अजून सांगितलेलं नाही.

निवृत्त मास्तर (बुधवार, सकाळी ६:०५)

रिव्ह्यू मराठीतून दिलात, हे सगळ्यात आवडलं. कोणी "रादर"बद्दल विचारणार असेल तर वेगळा धागा काढावा. त्याला माझ्या दोन सकाळी लागतील.

टेबल ४२ (बुधवार, रात्री ११:५०)

पाटीचं सांगायला आले. काकांना काल नम्रपणे सांगितलं की शेवटचं अक्षर चुकीच्या जागी आहे. त्यांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत. आज येऊन बघते तर त्यांनी शेवटचा ई खरवडून काढलाय. आता पाटीवर "कीप क्विट" आहे.

पूर्वपरीक्षा तोंडावर आली आहे आणि आम्ही साठ जण रोज "सोडून द्या" वाचत आत शिरतोय. काकांना परत जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "चूक होती ती काढली. आता नवीन अक्षर दिवाळीच्या रंगकामात."